नवे सिलिंडर लावले आणि हवा दोन पीपीएमने उतरली

छतावरची_नळी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज अडलोय म्हणून धागा काढतोय.

आमच्या गच्चीवरून एक नळी खाली प्रयोगशाळेत येते. तिच्यातून हवा ओढायची, वाळवायची आणि त्यातला कार्बन डायऑक्साईड मोजायचा, हे काम मी तीन वर्षं सांभाळतोय. अ‍ॅनालायझर इन्फ्रारेडवर चालणारा, जुन्या पठडीतला. एका टोकाला दिवा, मधल्या नळकांड्यात हवा, दुसऱ्या टोकाला डिटेक्टर. वायू जितका जास्त तितका प्रकाश कमी पोचतो, त्यावरून आकडा काढायचा. पण यंत्राला पीपीएम (हवेच्या दहा लाख रेणूंत त्या वायूचे किती) म्हणजे काय हे ठाऊक नसतं, ते आपण शिकवायचं असतं. म्हणून दर सोमवारी मी दोन प्रमाण सिलिंडर लावतो. एकात ३९५ पीपीएमच्या आसपास, दुसऱ्यात ४५५ च्या आसपास. त्या दोन बिंदूंमधून रेष ओढायची आणि पुढचा आठवडा त्या रेषेवरून वाचायचा.

तीन आठवड्यांपूर्वी दोन्ही सिलिंडर उतरत आले म्हणून नवी जोडी मागवली. लावली, नेहमीसारखं कॅलिब्रेशन केलं, रेष छान आली. पण त्या दिवसापासून बाहेरची हवा साधारण दोन पीपीएम कमी दिसतेय. मी फक्त दुपारी दोन ते चारची, बऱ्यापैकी वारा असतानाची सरासरी धरतो. रात्री आणि पहाटे आकडा इतका वरखाली होतो की त्यात दोन पीपीएम कुठेच दिसणार नाहीत.

पंप, फिल्टर, प्रवाह, गळती सगळं तपासून झालंय. सिलिंडरसोबत प्रमाणपत्रही आहे. मग चुकतंय कोण? नवे सिलिंडर खरे मानले तर माझी मागची तीन वर्षं चुकीची ठरतात. जुने खरे मानले तर या प्रमाणपत्राचं करायचं काय? दोन रात्री नीट झोप नाही.

निवांत_वारा
हवाच बदलली असेल की. झाडांना पालवी फुटायचा काळ आला की उत्तर गोलार्धात कार्बन डायऑक्साईड उतरतोच. महिन्याभरात दोन पीपीएम उतरणं काही विशेष नाही. एका दिवसात पायरी पडली की हळूहळू उतार लागला?

छतावरची_नळी
पायरीच वाटते. पण सिलिंडर बदलल्यावर वाराही फिरला होता, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही.

दाबमापक
सगळ्यात आधी एक काम करा, बाकी नंतर बोलू. जुने सिलिंडर परत पाठवले नसतील तर पाठवू नका. पाठवले असतील तर आत्ता फोन करून थांबवा.

हवा बदलली की मोजपट्टी बदलली, हे हवेकडे बघून कधीच ठरत नाही. हवा रोज वेगळीच असते. ठरतं ते एका गोष्टीवरून: ज्याची किंमत बदललेली नाही असं काहीतरी जुन्या आणि नव्या दोन्ही पट्ट्यांनी मोजायचं. तुमच्याकडे ते आहे, जुना सिलिंडर. नव्या जोडीने कॅलिब्रेशन करा आणि मग जुना सिलिंडर अनोळखी नमुना म्हणून गच्चीच्या नळीच्या जागी लावा. त्याचा प्रमाणपत्रातला आकडा आला तर पट्टी तीच आहे आणि हवा बदलली. दोनने कमी आला तर हवेचा काही दोष नाही.

जुन्यांत दाब किती उरलाय?

छतावरची_नळी
नशीब! दोन्ही अजून व्हरांड्यात साखळीने बांधून उभे आहेत, शुक्रवारी गाडी येणार होती. कमी प्रमाणाच्या सिलिंडरवर ३५ बार, दुसऱ्यावर ३२. उद्या करतो.

दाबमापक
पुरेसा आहे. २० बारच्या खाली गेल्यावर मात्र भरवसा धरू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या आतल्या भिंतीला थोडा कार्बन डायऑक्साईड चिकटलेला असतो. दाब भरपूर असतो तेव्हा त्याचा हिस्सा नगण्य असतो. सिलिंडर तळाला येतो तेव्हा भिंत तो सोडू लागते आणि शेवटच्या हवेत आकडा वर चढत जातो. 'अजून शिल्लक आहे, संपेपर्यंत वापरू' हा हिशोब इथे महागात पडतो.

आणि उद्या रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब कमी करून वायू सोडणारी जोडणी) लावल्याबरोबर आकडा लिहून घेऊ नका. रेग्युलेटरच्या पोटात जुनी हवा, खोलीतली ओल, सगळं साठलेलं असतं. व्हॉल्व्ह उघडून दाब भरायचा, बंद करायचा, सोडून द्यायचा, असं चार-पाच वेळा धुऊन घ्या. मग वायू चालू ठेवून दर दोन मिनिटांचा आकडा वहीत लिहा. दोन-तीन आकडे सलग सारखे आले की तेव्हा खरा.

वाफ_आणि_वायू
चांगला धागा. माझ्याकडून एक शंका. हवा वाळवता म्हणालात, ती किती कोरडी होते हे मोजता का? सिलिंडरमधला वायू हाडासारखा कोरडा असतो. गच्चीवरच्या हवेत वाफ उरली तर वाफेचे रेणू जागा अडवतात आणि बाकी सगळ्यांचं प्रमाण तेवढ्याने घसरतं. १ टक्का वाफ म्हणजे ४०० पीपीएममध्ये ४ पीपीएमची घट, ३ टक्के म्हणजे १२ ची. हा झाला निव्वळ जागेचा हिशोब. वाफ असताना कार्बन डायऑक्साईडच्या शोषणरेषाही रुंदावतात, त्याचा परिणाम वेगळा. दोन पीपीएमची घट म्हणजे अर्धा टक्का वाफ. वाळवणीचा दाणा ओला होत आला असेल तरी एवढं सहज होतं.

लेसरवर चालणारी नवी यंत्रं वाफ स्वतः मोजून आकडा दुरुस्त करतात. त्यांचं मला कौतुक आहे, पण ती दुरुस्तीसुद्धा प्रत्येक यंत्राची स्वतंत्र तपासावी लागते. सिलिंडरमधला कोरडा वायू ओला करून आत सोडायचा आणि दुरुस्त केलेला आकडा जागचा हलतो का बघायचं. न हलला पाहिजे.

छतावरची_नळी
वाळवणीनंतर दवबिंदूचा सेन्सर आहे. उणे ३५ च्या खालीच असतो, आजही होता. म्हणजे वाफ फारतर काहीशे पीपीएम, तिचा वाटा ०.१ च्या आसपास. तरी सेन्सरवरच शंका घेऊन दाणा बदलला. काही फरक नाही.

साधा_हिशोब
थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. ४२० मध्ये दोन म्हणजे अर्धा टक्का. शाळेत इतक्या अचूकतेवर शाबासकी मिळाली असती. एवढ्यासाठी झोप उडवायची खरंच गरज आहे का?

दाबमापक
राग कसला, प्रश्न रास्त आहे. खोलीत वायुवीजन बरं आहे की नाही हे बघायचं असेल तर ५० पीपीएमची चूकही चालेल. वातावरण मोजायचं असेल तर नाही चालत, कारण आपण आकडा मोजतच नाही, दोन आकड्यांमधला फरक मोजतो. जगभरात कार्बन डायऑक्साईड वर्षाला दोन-तीन पीपीएमने वाढतो. म्हणजे या धाग्यातली पायरी जवळजवळ एका वर्षाच्या वाढीएवढी आहे. दोन ठिकाणांमधला फरक तर याहून बारीक असतो, आणि त्यावरूनच कुठला प्रदेश किती वायू सोडतो नि किती शोषतो याचं गणित मांडतात. एका केंद्राचा सिलिंडर ०.२ ने चुकला तर त्या गणितात जमिनीवर नसलेलं जंगल उगवतं किंवा नसलेला धूर दिसतो. म्हणून जागतिक हवामान संघटनेने केंद्राकेंद्रांतल्या सुसंगतीचं उद्दिष्ट उत्तर गोलार्धात ०.१ पीपीएम ठेवलंय आणि दक्षिण गोलार्धात ०.०५. मिथेनसाठी २ पीपीबी (अब्जात दोन), नायट्रस ऑक्साईडसाठी ०.१ पीपीबी.

साधा_हिशोब
'फरक मोजतो' हे पटलं. आता वाचत राहीन.

छतावरची_नळी
चाचणी झाली. वहीतून जसंच्या तसं उतरवतो. नव्या जोडीने कॅलिब्रेशन केलं आणि मग कमी प्रमाणाचा जुना सिलिंडर लावला. त्याचा प्रमाणपत्रातला आकडा ३९४.६. रेग्युलेटर पाच वेळा धुतला.

२ मिनिटं: ३९६.१
४ मिनिटं: ३९३.९
६ मिनिटं: ३९३.१
८ मिनिटं: ३९२.९
१० मिनिटं: ३९२.८
१२ मिनिटं: ३९२.८
१४ मिनिटं: ३९२.८

१.८ कमी. जास्त प्रमाणाचा जुना सिलिंडर २.१ कमी. उलट बाजूनेही केलं: जुन्या जोडीने कॅलिब्रेशन करून नवे सिलिंडर अनोळखी म्हणून मोजले, तर ते तेवढ्यानेच जास्त दिसतात. हवा निर्दोष आहे.

अजून एक कबुली. आजवर मी रेग्युलेटर लावून तीन मिनिटांनी आकडा घेत होतो. वरची यादी बघितल्यावर ते मनातून जात नाहीये.

दाबमापक
तीन मिनिटांवाल्याचं बघू, त्यावर उपाय आहे. आधी नव्या सिलिंडरचं प्रमाणपत्र काढा आणि दोन ओळी इथे लिहा. अनिश्चितता किती दिलीय, आणि शिल्लक वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साईड सोडून बाकी काय भरलंय.

छतावरची_नळी
अनिश्चितता: अधिक-उणे १ टक्का.
शिल्लक वायू: नायट्रोजन.

जुन्या प्रमाणपत्रावर 'कोरडी नैसर्गिक हवा' असं आहे. हे मी याआधी वाचलंच नव्हतं. मी फक्त पीपीएमचा आकडा बघितला आणि तोच यंत्रात भरला.

दाबमापक
सापडलं.

आधी ती १ टक्क्याची ओळ. ३९५ चा १ टक्का म्हणजे जवळजवळ ४ पीपीएम. पुरवठादार खोटं बोलत नाही, तो सरळ सांगतोय की खरी किंमत ३९१ ते ३९९ मध्ये कुठेही असू शकते. कारखान्याच्या चिमणीवर किंवा गळती शोधायला असा सिलिंडर उत्तम. वातावरणासाठी एवढ्यानेच तो बाद होतो.

पण तुमच्या दोन्ही सिलिंडरमध्ये चूक एकाच बाजूची आणि जवळजवळ एकाच टक्केवारीची आहे. भरताना झालेली चूक अशी जोडीने सहसा येत नाही, म्हणून माझा संशय नायट्रोजनवर आहे. इन्फ्रारेडमधली कार्बन डायऑक्साईडची प्रत्येक शोषणरेषा किती रुंद दिसते, हे भोवतीचे रेणू त्याला कसे आणि किती धडकतात यावर ठरतं. नायट्रोजनची धडक ऑक्सिजनपेक्षा रेष अधिक रुंदावते. म्हणजे तेवढाच कार्बन डायऑक्साईड नुसत्या नायट्रोजनमध्ये असला तर तुमच्या यंत्राला तो जास्त वाटतो. यंत्राने तेच '३९५' म्हणून पाठ केलं, आणि खऱ्या हवेत, जिथे पाचवा हिस्सा ऑक्सिजन आहे, त्याला कमी दिसू लागलं. चूक किती आणि कुठल्या बाजूला हे यंत्राच्या बनावटीवर अवलंबून असतं, त्यामुळे पुस्तकातून आकडा उचलून दुरुस्ती करायची सोय नाही. म्हणून नियम एकच: हवा मोजायची तर हवेनेच शिकवा. ऑक्सिजन आणि नायट्रोजन मिसळून केलेली कृत्रिम हवासुद्धा बारीक कामाला पुरत नाही, तिच्यात बहुधा आर्गॉन नसतो आणि लेसरच्या यंत्राला तेही कळतं.

कृत्रिम सिलिंडरमध्ये अजून एक खोच असते. तो कार्बन डायऑक्साईड बहुतेक वेळा इंधनातून आलेला असतो, त्यात कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा किंचित जड प्रकार, हवेपेक्षा कमी. काही यंत्रं फक्त कार्बन-१२ चाच रेणू बघतात. तिथे ०.१ च्या आसपास चूक आपसूक येते.

वाचनवेडी
या नायट्रोजनच्या खड्ड्यात हवेतल्या कार्बन डायऑक्साईडची प्रसिद्ध नोंद सुरू करणारे खुद्द कीलिंगही पडले होते, म्हणून लिहायचा मोह आवरत नाही.

चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली, तेव्हा पहिला आकडा ३१३ पीपीएम होता. यंत्र याच जातीचं, इन्फ्रारेडचं. त्यांचे सुरुवातीचे प्रमाण सिलिंडर म्हणजे नायट्रोजनमध्ये मिसळलेला कार्बन डायऑक्साईड. पुढे लक्षात आलं की हवेसाठी आकडे काही पीपीएमने दुरुस्त करायला हवेत, आणि ते केलेही गेले. जुनी नोंद दुरुस्त करता आली, कारण यंत्राचे मूळ आकडे आणि कुठल्या दिवशी कुठला सिलिंडर लावला होता हे सगळं जपून ठेवलेलं होतं.

मला त्यांच्या कामातला सगळ्यात आवडणारा भाग मात्र मौना लोआचा आलेख नाही, मॅनोमीटर (वायूचा दाब मोजायची मांडणी) आहे. मला नेहमी प्रश्न पडायचा: यंत्र सिलिंडरवरून शिकतं, तो सिलिंडर दुसऱ्या सिलिंडरवरून, तो तिसऱ्यावरून. मग सगळ्यात पहिल्या सिलिंडरला कोणी शिकवलं? त्याचं उत्तर काचेच्या नळ्यांत आहे. ठरावीक आकारमानाच्या काचपात्रात कोरडी हवा घ्यायची, तिचा दाब आणि तापमान मोजायचं. मग ती द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांवर गार केलेल्या सापळ्यातून हळूहळू न्यायची. कार्बन डायऑक्साईड तिथे गोठून बसतो, बाकी हवा निघून जाते. मग सापळा गरम करून उरलेली वाफ वेगळी करायची आणि निघालेला शुद्ध वायू एका छोट्या, माहीत असलेल्या आकारमानाच्या पात्रात भरून पुन्हा दाब आणि तापमान मोजायचं. दोन्हींचं गुणोत्तर काढलं की झालं प्रमाण. इथे कुठलाही दुसरा सिलिंडर लागत नाही. दाब, तापमान, आकारमान, एवढंच. नायट्रस ऑक्साईडही सापळ्यात त्याच्यासोबत गोठतो, तेवढा वजा करायचा.

आज हे काम अमेरिकेत बोल्डरला नोआच्या, म्हणजे तिथल्या सरकारी सागर आणि वातावरण संस्थेच्या, प्रयोगशाळेत चालतं. जागतिक मोजपट्टी सांभाळण्याची जबाबदारी तिच्याकडे आहे. मूळ सिलिंडरांचा संच तिथे असतो, त्यांच्यावरून दुय्यम, दुय्यमवरून पुढचे, असे ते जगभर जातात.

ओझोनपट्टी
मस्त प्रतिसाद, वाचनवेडी. ओझोनच्या बाबतीत गंमत अशी की तो सिलिंडरमध्ये भरून ठेवताच येत नाही, मोडतो. त्यामुळे जमिनीलगतच्या ओझोनची मोजपट्टी बाटलीत नाही, प्रकाशात आहे. २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश ओझोन किती शोषतो, हा एक आकडा सगळ्यांनी मान्य केलेला असतो आणि त्यावर प्रमाण फोटोमीटर चालतात. ठिकठिकाणचे असे फोटोमीटर एकमेकांशी नेऊन ताडून बघतात.

तो मान्य आकडा १९६१ च्या मोजमापातून आलेला होता. नव्या मोजमापांत तो जरा जास्त होता असं दिसलं, म्हणून अलीकडे नवा आकडा स्वीकारला गेलाय. त्याने ओझोनची सगळी रीडिंग सव्वा टक्क्याच्या आसपास वर सरकतात. हवेत ओझोनचा एकही रेणू न वाढता! ज्यांनी कुठल्या दिवसापासून कुठला आकडा वापरला याची नोंद ठेवली नाही, त्यांच्या आलेखात ही पायरी कायमची राहणार.

बाकी रोजच्या कामात माझा अनुभव: फोटोमीटरपेक्षा फिल्टर जास्त फसवतो. आत येणाऱ्या हवेचा फिल्टर मळला की त्यावरच्या धुळीवरच ओझोन मोडतो. यंत्र आतून अगदी बरोबर असतं आणि आकडा ५ टक्के कमी. म्हणून तपासणीचा ओझोन यंत्राच्या मागच्या तोंडाला न सोडता नळीच्या टोकाला, फिल्टरच्या आधी सोडावा.

छतावरची_नळी
ही शेवटची ओळ माझ्याही कामाची आहे. मी सिलिंडर थेट यंत्राला जोडतो, वाळवणीच्या नंतर. म्हणजे वाळवणीच्या डब्यात काही बिघडलं तर मला कधीच कळणार नाही.

दाबमापक
बरोबर. प्रमाण वायूने शक्य तितका तोच रस्ता चालला पाहिजे, जो हवा चालते.

पांढरा_डबा
मध्येच घुसतेय. माझ्याकडे तुमच्यासारखं यंत्र नाही, खोलीत ठेवायचा छोटा कार्बन डायऑक्साईड सेन्सर आहे. सिलिंडर नाही, रेग्युलेटर नाही. पुस्तिकेत लिहिलंय की तो 'आपोआप कॅलिब्रेट' होतो. पण घरात चोवीस तास कोणी ना कोणी असतंच आणि खिडक्या बंद असतात. तीन महिन्यांपूर्वी रात्री ११०० दाखवायचा, आता ८०० दाखवतो. घर तेच, माणसं तीच.

वाफ_आणि_वायू
सेन्सर 'आपोआप' काय करतो ते सांगतो. तो आठवडाभरातला सगळ्यात कमी आकडा लक्षात ठेवतो आणि मानतो की त्या क्षणी खोलीत बाहेरची ताजी हवा होती, म्हणजे ४०० पीपीएम. शनिवार-रविवार रिकाम्या राहणाऱ्या कार्यालयात हे गृहीतक चालून जातं. तुमच्या खोलीचा आकडा ७०० च्या खाली कधी जातच नसेल तर तो त्या ७०० लाच हळूहळू ४०० म्हणू लागतो, आणि वरचे सगळे आकडे त्याच्याबरोबर खाली ओढले जातात. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय.

उपाय: आपोआपची सोय बंद करा. सेन्सर मोकळ्या हवेत, सावलीत, रस्त्यापासून आणि माणसांपासून दूर, दुपारी वीसेक मिनिटं ठेवा आणि हाताने कॅलिब्रेशनची आज्ञा द्या. त्याला आकडा भरू देत असतील तर ४०० भरू नका. बाहेरच्या हवेने ४२० कधीच ओलांडलंय. ठेवलात की दूर व्हा. उच्छ्वासात ४०,००० पीपीएमच्या आसपास असतो, वाकून बघितलंत तरी बिघडेल.

आणि उंचावर राहत असाल तर दाबाची दुरुस्ती बघा. हा सेन्सर खरं तर नळकांड्यातले रेणू मोजतो, प्रमाण नाही. दीड हजार मीटर उंचीवर हवेचा दाब १५ टक्क्यांहून अधिक कमी असतो, आणि दुरुस्ती नसेल तर आकडाही साधारण तितकाच कमी येतो.

पांढरा_डबा
केलं. गच्चीत ठेवला तर ९० दाखवत होता! हवेत ९० पीपीएम शक्यच नाही हे मलाही कळलं. आज्ञा दिल्यावर रात्रीचा आकडा पुन्हा ११०० च्या घरात. आता खिडकीही उघडी ठेवतेय. मनापासून आभार.

निवांत_वारा
नायट्रोजन डायऑक्साईड मोजणाऱ्या स्वस्त सेन्सरबद्दल कोणी लिहा ना.

ओझोनपट्टी
थोडक्यात: त्या विद्युत-रासायनिक सेलला ओझोनही नायट्रोजन डायऑक्साईडसारखाच लागतो, आणि तापमान-आर्द्रतेनेही तो हलतो. सिलिंडर लावून शिकवलेला सेल बाहेर नेला की वेगळाच वागतो. त्यापेक्षा तो एखाद्या चांगल्या संदर्भ यंत्राच्या शेजारी काही आठवडे ठेवावा, वेगवेगळ्या हवामानात, आणि दोघांचे आकडे जुळवून त्याचं सूत्र काढावं. काही महिन्यांनी पुन्हा शेजारी ठेवावा, कारण सेल म्हातारा होतो. आणि 'संदर्भ यंत्र' म्हणजे देव नाही. नेहमीचा रासायनिक-प्रकाशाचा अ‍ॅनालायझर तापवलेल्या मॉलिब्डेनमवर नायट्रोजन डायऑक्साईडचं नायट्रिक ऑक्साईड करून मोजतो, पण तो धातू नायट्रिक आम्ल आणि पॅनसारखी (प्रदूषित हवेत उन्हात तयार होणारी) नायट्रोजनची इतर संयुगंही फोडतो. त्यामुळे शहरापासून दूर, जुन्या झालेल्या हवेत तो जास्त दाखवतो. याच्यावर स्वतंत्र धागा काढू.

छतावरची_नळी
मूळ प्रश्नावर परत येतो. आता करू काय? नवे सिलिंडर वापरायचे नाहीत हे कळलं. पण जुनी जोडी ३५ बारवर आहे.

दाबमापक
जुनी जोडी आता रोजच्या कामाला लावू नका, ती तुमचा पूल आहे. कोरडी खरी हवा भरलेले तीन अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर मिळवा आणि जागतिक मोजपट्टीशी जोडलेल्या प्रयोगशाळेतून त्यांच्या किमती ठरवून घ्या. दोन नाही, तीन. ते आले की जुनी जोडी आणि नवे तीन एकाच दिवशी, एकाच यंत्रावर मोजा. आठवड्याने पुन्हा, महिन्याने पुन्हा. मगच जुने सोडा.

तिसरा सिलिंडर कॅलिब्रेशनसाठी नाही. त्याची किंमत तुम्हाला माहीत असेल, पण यंत्राला कधीच सांगायची नाही. रोज एकदा तो गच्चीची हवा असल्यासारखा, वाळवणीतून आणि फिल्टरमधून मोजायचा. त्याचा आकडा जागेवर राहिला तर तुमची सगळी साखळी शाबूत. हलला तर हवेवर काही बोलायच्या आधी थांबायचं. माझं प्रामाणिक मत आहे की एकच जादा सिलिंडर परवडणार असेल तर तो हाच असावा. दोन सिलिंडरांवर ओढलेली रेष त्या दोन्हींतून जाणारच, ती चुकलीय हे ती स्वतः कशी सांगेल?

आता तीन मिनिटांची चूक. कच्चे आकडे आहेत का? पीपीएम नाही, डिटेक्टरचे मूळ व्होल्ट. कॅलिब्रेशनच्या वेळचेही मिनिटामिनिटाचे असतील तर बघा. मग आकडा बाराव्या मिनिटाचा असता तर काय झालं असतं, हे आजही काढता येईल. नसतील तर निदान ही चूक किती मोठी असू शकते एवढं लिहून ठेवता येईल.

आणि जुन्या प्रमाणपत्रावर मोजपट्टीचं नाव असेल. एक्स२००७ की एक्स२०१९?

छतावरची_नळी
एक्स२००७.

मागच्या दोन वर्षांचे व्होल्ट आहेत, मिनिटागणिक. पहिल्या वर्षाचे नाहीत. तेव्हा जागा वाचवायला म्हणून मी फक्त शेवटचा पीपीएमचा तासाचा आकडा ठेवत होतो आणि बाकी पुसत होतो. कोणी सांगितलं नव्हतं, मलाच ते नीटनेटकं वाटायचं. ते वर्ष आता जसं आहे तसंच राहणार.

वाचनवेडी
पहिलं वर्ष टाकून देऊ नका. त्याला मोठी अनिश्चितता लावा आणि का लावली ते लिहा. तसंही ते उपयोगी असतं.

एक्स२००७ बद्दल: २०२१ मध्ये मोजपट्टी एक्स२०१९ झाली तेव्हा ४०० पीपीएमच्या आसपास आकडे सुमारे ०.१८ ने वर गेले. कारण ऐकण्यासारखं आहे. बोल्डरच्या मॅनोमीटरमध्ये जोडांना रबरासारख्या पदार्थाच्या रिंगा होत्या. शुद्ध कार्बन डायऑक्साईडचा दाब मोजेपर्यंतच्या वेळात त्या रिंगा त्यातला अगदी थोडा पिऊन टाकत होत्या. शिवाय वायूच्या दाबाचं गणितही थोडं सुधारलं. त्यांनी शोधलं, मोजलं, जाहीर केलं आणि जुने सगळे आकडे नव्या पट्टीवर न्यायची रीत दिली. तुम्हीही तुमचे आकडे त्याच रीतीने न्या, आणि फायलीच्या पहिल्याच ओळीत मोजपट्टीचं नाव लिहा.

छतावरची_नळी
सगळ्यांचे आभार. चार महिन्यांनी धागा वर काढतोय.

तीन सिलिंडर आले, खऱ्या हवेचे, किमती एक्स२०१९ वर. जुन्या जोडीशी तीन वेळा ताडून बघितले. जुन्यांच्या किमती नव्या पट्टीवर नेल्यावर जुन्या-नव्यांत फरक ०.०६ चा राहिला, आणि तिन्ही वेळा तेवढाच. नायट्रोजनवाले दोन आता गळती तपासायला आणि नळ्या धुवायला वापरतो. त्यांच्या प्रमाणपत्रावर 'हवेसाठी नाही' असं लाल शाईने लिहून ठेवलंय, माझ्यानंतर येणाऱ्यासाठी.

दोन वर्षांचे व्होल्ट पुन्हा काढले. तीन मिनिटांच्या सवयीने आकडे सरासरी ०.४ ने सरकत होते. सुट्टीनंतरच्या सोमवारी जास्त, कारण रेग्युलेटर जास्त दिवस पडून असायचा. दुरुस्त झाले. पहिल्या वर्षाला १ पीपीएमची अनिश्चितता लावली आणि खाली कारण लिहिलं.

तिसऱ्या सिलिंडरच्या मानेला पत्र्याची चिठ्ठी बांधलीय: 'याची किंमत यंत्राला सांगू नये.' रोज पहाटे पाच वाजता झडप आपोआप उघडते आणि वीस मिनिटं तो मोजला जातो. त्याची किंमत ४२७.३१. मागच्या आठवड्यातले सात आकडे: ४२७.३३, ४२७.२९, ४२७.३०, ४२७.३४, ४२७.३१, ४२७.२८, ४२७.३२.

दाबमापक
आज रात्री झोपा.